सोनूबाईच्या नावाचा गेम

सोनूबाई सुरमईचे तुकडे पाडत होती, तेवढ्यात एक चष्मेवाली बाई समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, तो व्हिडिओ गेम तुम्हीच बनवलात ना?"

कोयता हवेतच राहिला.

"काय बनवला?"

"गेम. मोबाईलवरचा. 'भरती' नावाचा. वीस वर्षं झाली असतील."

"मी कोलंबीचा लोणचा बनवते," सोनूबाई म्हणाली. "तां पायजे तर सांग. अर्धा किलो देव का?"

शेजारच्या टोपलीवरची म्हातारी अशी हसली की तिच्या हातातला बोंबील खाली पडला. दिशाला मात्र हसू आलं नाही. दिशा म्हणजे सोनूबाईची नात, वय वर्षं सतरा. नववीत एका सरांनी भर वर्गात 'वास येतोय कुठून?' विचारलं, तेव्हा हिने दप्तर उचललं आणि जी बाहेर पडली ती परत गेलीच नाही. आता आजीच्या माशांच्या ऑर्डरी फोनवर घ्यायची आणि लोखंडवाल्याच्या बिल्डिंगांत पोचवायची. डोकं तापायला हिला अर्धं मिनिट पुरायचं. डोळे मात्र असे, की पापलेट कालचं की आजचं हे चार टोपल्यांपलीकडून सांगेल.

त्याच डोळ्यांनी तिने त्या बाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल, पायात माशाच्या पाण्याने भिजलेले पांढरे बूट.

"ओ मॅडम, ओटीपी-बिटीपी मागायचा नाही हां. सांगून ठेवते."

"नाही गं. मी अक्षता. 'पिक्सेलवाडी' कंपनीत आहे, अंधेरी ईस्टला. जुन्या बटणवाल्या फोनवरचे गेम आम्ही नव्या फोनवर परत आणतो. ज्याने बनवला त्याची लेखी परवानगी घ्यावी लागते, म्हणून महिनाभर वेसाव्यात फिरतेय. ह्या तिसऱ्या सोनूबाई. पहिलीने हाकलून दिलं. दुसरी लगेच सही करायला तयार होती, पण गेम म्हणजे काय तेच तिला माहीत नव्हतं."

"माझ्या आजीला तरी कुठे माहीत आहे?"

अक्षताने फोन पुढे धरला. छोट्याशा चौकोनात निळं पाणी, त्यावर एक लाल होडी, बाजूने हिरवा पट्टा. एकेक सूर टिंगटिंग वाजत होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: सोनूबाई, वेसावे. बाकी कोणाचं नाव नाही, गाव नाही, काही नाही.

सोनूबाईने हात लुगड्याला पुसले. डोळे बारीक केले.

"गो बाय," ती म्हणाली, "ही तर आमची होडी."

*

रामचंद्र, म्हणजे दिशाचे आजोबा, गेले त्याच्या पुढच्या वर्षी ती होडी विकली. दिशा तेव्हा रांगत होती. होडी लाल होती आणि तिला हिरवा पट्टा होता हे तिला घरातल्या एका फोटोवरून माहीत. त्यामुळे हे काम कोणाचं हे समजायला तिला वेळ लागला नाही. घरात कॉम्प्युटरला हात लावलेला माणूस एकच, तिचा बाप कृणाल. तोही आता टेम्पोने बंदरावर बर्फ पोचवतो.

कृणाल दुपारी घरी आला तेव्हा अक्षता चटईवर बसून चहा पीत होती. त्याने फोन हातात घेतला. होडी पाहिली. बराच वेळ पाहिली.

"अजून चालतो?" एवढंच म्हणाला.

"पप्पा, तुम्ही बनवलाय हा?"

"हं."

"हं काय? गेम बनवला तुम्ही! आणि मला सांगितलं नाहीत?"

"त्यात काय सांगायचं? तू नव्हतीसच तेव्हा."

मग थोडं थोडं बाहेर आलं. दोन हजार पाच साल. अंधेरी स्टेशनबाहेर एक मोबाईलचं दुकान, कृणाल तिथे फोन दुरुस्त करायचा. रात्रीच्या क्लासला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकला. सहा महिने खपून हा गेम केला. दुकानदार दहा रुपयांत फोनमध्ये भरून द्यायचा. पुढे पोरांनी एकमेकांना ब्लूटूथवरून फुकट वाटला, आणि डहाणूपासून मालवणपर्यंत किनाऱ्यावरच्या सगळ्या पोरांच्या खिशात गेला. कागद कुठलाच नाही. सही नाही, करार नाही.

दिशा बापाकडे नवीन माणूस आल्यासारखी बघत होती. बर्फाच्या लाद्या उचलून खांदा वाकडा झालेला हा माणूस, बंदरावर कोणीही 'ए बरफ' म्हणून हाक मारतो, आणि ह्याचा गेम अख्ख्या किनाऱ्याने खेळला! तिला एकच गोष्ट हवी झाली, आणि तिला काही हवं झालं की ती वाट बघत नसे.

"मॅडम, आजीचं नाव काढा. पप्पांचं टाका. आत्ताच्या आत्ता."

अक्षताने चहा खाली ठेवला. "तेवढं सोपं नाही. गेमवर ज्याचं नाव छापलेलं असतं, तोच त्याचा कर्ता असं कायदा धरून चालतो. उलटं असेल तर ते दाखवून द्यावं लागतं. माझ्या साहेबांना विचाराल तर आजींनी सही केली की काम झालं. ऐंशी हजार रुपये, एकदाच. गेम कायमचा कंपनीचा."

"कर ना सही, आये," कृणाल म्हणाला. "कोणाचं का नाव असेना."

"मी?" सोनूबाईने पदर खोचला. "मी केला नाय तां मी केला म्हणून लिवून देव? आनि पोरी, एकदाच कशाला गो? तुमचा गेम काय एकदाच समुद्रान जानार हाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे विकनार कितींदा?"

"ते... कितीही वेळा. लोक घेतील तेवढ्या वेळा."

"मंग?" सोनूबाई पुढे सरकली. इथे तिच्या धंद्याची गोष्ट होती, इथे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. "ऐक. होडी आली, म्हावरा विकला. डिजल-बरफाचा खर्च काढला. उरला त्याचे वाटे. होडीचा वाटा, जाल्याचा वाटा, मानसांचे वाटे. जाला ज्याचा, तो घरी झोपला असला तरी त्याचा वाटा त्याच्या घरी जातो. जाला पान्यान गेला ना? मंग. जितींदा जाल तितींदा वाटा."

अक्षता हसली. "आजी, ह्याला आम्ही रॉयल्टी म्हणतो."

"तुमी काय पन म्हना. द्या म्हंजे झाला."

*

अक्षता मनाने वाईट नव्हती. म्हणाली, मी कंपनीची माणूस, तरी सांगते, सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा. आणि कृणालदादा, गेम तुम्हीच केलात हे कशावरून? मूळ कोड आहे का?

"ज्या कॉम्प्युटरवर होता तो दुकानाबरोबर भंगारात गेला."

"एखादी वही? चिठ्ठी?"

"नाही."

दिशाची कानशिलं तापायला लागली. "म्हणजे काय, खोटं बोलतायत ते?"

"थांब गं," कृणाल म्हणाला. त्याने अक्षताच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. "हा जुनाच आहे ना, तसाच्या तसा? मग असं करा. फोनमधली तारीख बदला. ह्या महिन्यातली कुठलीही लावा. मला स्क्रीन दाखवू नका, फक्त तारीख सांगा."

अक्षताने तारीख लावली. "एकोणीस."

कृणालने अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. ओठ हलले. बंदरावरचा कुठलाही माणूस तिथी अशीच मोजतो. "भांग आहे, अष्टमीची छोटी भरती. पाणी चढणार नाही. खाडीच्या तोंडाशी रेती उघडी पडेल. टोपल्या किती भरल्यात?"

"आता एक... दोन..."

"सहा टोपल्या घेऊन होडी आत येईल. सातवी घेतलीत तर रेतीवर बसेल. करून बघा."

अक्षताने सहा टोपल्या भरून होडी आणली. आली. परत गेली, सात भरल्या. होडी खाडीच्या तोंडाशी आली, आणि टुक करून आवाज होऊन तिथेच बसली.

"आता पौर्णिमा लावा. उधाण. बारा टोपल्या येतील. तेरावी नाही."

बारा आल्या. तेरावीला टुक.

अक्षताने चष्मा काढला. "आमच्या ऑफिसातला मुलगा तीन आठवडे ह्यावर डोकं फोडतोय. एके दिवशी गेम सोपा, एके दिवशी अवघड, का ते कळत नाही. त्याने साहेबांना लिहून दिलंय, की गेममध्ये बिघाड आहे."

"समुद्रात पण आहे मग," कृणाल म्हणाला.

अक्षताने तिथेच कंपनीत फोन लावला. दोनदा तेच सांगितलं, मग ऐकत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "साहेब तयार आहेत. कागद बदलून आणते. 'ह्या गेमचा एकमेव कर्ता कृणाल रामचंद्र कोळी' असं लिहू. पुढच्या शुक्रवारी ऑफिसला या."

दिशाने चटईवर हात आपटला. "झकास!"

फोन अजून टिंगटिंग करत होता. कृणाल ते सूर ऐकत होता.

"एकमेव नको," तो म्हणाला.

"काय?"

"सूर राजारामचे आहेत. ती होडीपण त्यानेच काढली, एकेक ठिपका. मी फोटो दिला होता फक्त. अर्धा गेम त्याचा."

"कोण राजाराम?" दिशा ओरडली. "कधी नाव पण नाही ऐकलं! वीस वर्षांत एकदा तरी आला का तो इथे?"

"नाही आला. गेम बाजारात आला त्या आठवड्यात भांडला आणि गेला. का भांडला ते मला आजपर्यंत कळलं नाही. नाहूरला राहतो, एवढं ऐकून आहे."

"मग राहू दे ना नाहूरला! पप्पा, तुमचं नाव येतंय. तुमचं. कळतंय का?"

"कळतंय," कृणाल शांतपणे म्हणाला. "म्हणून तर सांगतोय. जाळं त्याचं पण होतं."

सोनूबाईने मान हलवली, म्हणजे विषय संपला. अक्षताने कागद फाईलमध्ये परत घातले. दोघांनी मिळून केलेलं काम असेल तर दोघांची सही लागते, एकट्याच्या सहीवर कंपनी पुढे जाणार नाही, हे तिने सांगितलं. शुक्रवारपर्यंत राजाराम सापडला तर ठीक. नाहीतर 'भरती' यादीतून काढून साहेब दुसरा गेम घेतील.

*

कृणाल स्वतः जाणार नव्हता. "त्याला यायचं असतं तर आला असता," हे त्याचं म्हणणं. दिशाने त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी मोबाईलच्या जुन्या दुकानदाराकडून पत्ता काढला. मेट्रोने घाटकोपर, तिथून नाहूर. स्टेशनपासून दहा मिनिटांवर बिल्डिंग, तिसरा मजला, दारावर पाटी: राजाराम गुणाजी परब, हार्मोनियम वादन शिकवले जाईल.

दार उघडलं त्या माणसाचे केस पांढरे, मिशा काळ्या. रंगवल्यात, दिशाने लगेच ओळखलं.

"क्लास संध्याकाळी असतो."

"क्लाससाठी नाही आले. मी कृणाल कोळीची मुलगी. वेसाव्याहून."

माणूस दारातच उभा राहिला. बाजूला झाला नाही.

"काय म्हणणं आहे त्याचं?"

"त्यांचं काहीच म्हणणं नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे!" दिशा म्हणाली आणि तिथेच, जिन्यात उभी राहून, एका दमात सगळं सांगून टाकलं. कंपनी, आजी, सहा टोपल्या, सात टोपल्या, शुक्रवार. "तुमच्यामुळे अडलंय सगळं. अर्धा गेम तुमचा म्हणतात. तुम्ही भांडून गेलात तरी म्हणतात. आता बोला."

आतून त्याच्या बायकोने, माधुरीने, हाक मारली, "अहो, पोरीला आत तरी घ्या, का जिन्यातच ठेवणार?"

तेव्हा कुठे तो बाजूला झाला.

दिशा पाणी पीत होती तोवर राजाराम पेटीवरचं कापड सरळ करत बसला. मग म्हणाला, "माझा बाप गिरणीत होता. तीस वर्षं कापड विणलं. एकाही ताग्यावर त्याचं नाव नव्हतं, गिरणीचा शिक्का असायचा. आमच्या घरातल्या कोणाचं नाव पहिल्यांदा कुठेतरी छापून येणार होतं. मी बापाला सांगून ठेवलं होतं. गेम आला तेव्हा फोन घेऊन त्याला दाखवायला गेलो. उघडला. काय होतं त्यावर?"

दिशाला माहीत होतं.

"सोनूबाई! त्याच्या आवशीचं नाव! माझे सूर, माझं चित्र, आणि नाव त्याच्या आवशीचं. बाप काय म्हणाला माहितीये? म्हणाला, हय पण मालकाचोच शिक्को." त्याने कापडाला परत एकदा सुरकुती पाडली आणि परत सरळ केली. "स्वतःचं टाकलं असतं तर दोन शिव्या देऊन सोडून दिलं असतं. पण चोरी लपवायला आईला पुढे केलं."

दिशाचं डोकं तापलं, अगदी टाळूपर्यंत. तोंड उघडलं. आणि पहिल्यांदाच तिला दिसलं, की हा माणूस खोटं बोलत नाहीये. त्याला खरंच माहीत नाही.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही कधी बंदरावर उभ्या असलेल्या होड्या पाहिल्यात?"

"पाहिल्यात ना. मग?"

"त्यांच्यावर नावं कोणाची असतात?"

"देवांची. देवींची... असतील कोणाची तरी."

"ज्याने होडी बांधली त्याचं असतं? जो चालवतो त्याचं असतं? देवीचं नाहीतर आईचं असतं. आजोबांच्या होडीवर 'सोनूबाई' होतं, कारण ती होडी होती. आजीने काय ती बांधली होती? पप्पांनी गेममध्ये होडी टाकली आणि खाली तिचं नाव टाकलं. त्यांना वाटलं होडीला नाव लागतंच. त्यांचं स्वतःचं तरी नाव होतं का? सांगा ना, होतं का?"

राजारामने नकारार्थी मान हलवली.

"चोरायचं असतं तर स्वतःचं टाकलं असतं ना! वेसाव्यात कोणालापण विचारा."

"मग माका त्येनी सांगूक नको?" त्याचा आवाज चढला. "मी परळात वाढलंय! होडयेर कोणाचा नाव असता ता माका काय म्हाईत?"

"त्यांना वाटलं असेल तुम्हाला माहीत आहे."

"आणि मला वाटलं..." तो थांबला. माधुरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "वीस वर्षं. दोघांनी मिळून एक प्रश्न विचारला नाही. धन्य आहात."

राजारामने तिच्याकडे पाहिलं नाही. दिशाला म्हणाला, "तो आता काय करतो?"

"बर्फ पोचवतो. बंदरावर."

"आणि कोड?"

"सोडला. तुम्ही गेलात त्यानंतर परत केला नाही म्हणतात."

तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला.

"मी सही नाही केली तर त्याचं नाव येणार नाही?"

"नाही."

"त्याने माझं नाव काढलंच नसतं, तर त्याचं आलं असतं?"

"हो. एकट्याचं आलं असतं. कागदपण तयार होत होता."

राजारामने फोन मागितला. दिशाने नंबर लावून दिला. पलीकडून कृणालचा 'हॅलो' आला, मागे बंदरावरचा कालवा.

"शुक्रवारी किती वाजता?" राजाराम म्हणाला.

पलीकडे बर्फाची लादी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "अकरा."

"बरं." आणि फोन ठेवला.

"एवढंच?" दिशा म्हणाली.

"मग काय, फोनवर रडू?"

*

शुक्रवारी काम झालं नाही. दोघांनी गाठलेल्या वकिलाने कायमच्याऐवजी पाच वर्षांची मुदत आणि प्रत्येक विक्रीमागे वाटा मागितला, साहेबांना ह्यातलं काहीच पसंत नव्हतं. अक्षताने तिथे जोर लावला, वकिलाने इथे. तीन आठवडे गेले. ऐंशी हजारांचे हातात वीस हजारच राहिले, बाकी जे विकेल त्यातून. सोनूबाई म्हणाली, चालेल, होडीला पण वारा पाहावा लागतो.

शेवटी सगळे ऑफिसात जमले. पहिली सही सोनूबाईचीच लागली, कारण छापलेलं नाव तिचं. अक्षताने वाचून दाखवलं: मी लिहून देते की हा गेम मी बनवलेला नाही.

"ह्या वयान," सोनूबाई म्हणाली, "मी काय काय केला नाय, तां सगला लिवून घेनार का?" पण सही केली, अक्षरं एकेक करून.

मग दुसरा कागद. कर्त्यांची नावं लिहायला दोन ओळी कोऱ्या होत्या.

"आधी कोण?" अक्षताने विचारलं.

"त्याचं लिही," कृणाल म्हणाला.

"कशाला? कोड तुझा. कोडशिवाय माझे सूर काय हवेत वाजणार होते?"

"तुझ्या बापाला दाखवायचं होतं ना?"

"बाप गेला माझा. दोन हजार अकराला. तू तुझं लिही."

"तू लिही म्हणतो ना मी."

"हे बघ, मला तुझे उपकार नकोत..."

"उपकार कोण करतंय?"

अक्षता पेन धरून एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. दिशाने अर्धं मिनिट सहन केलं. त्याहून जास्त तिला जमत नव्हतं. तिने अक्षताच्या हातातून पेन घेतलं, खुर्ची ओढली, आणि एका ओळीवर 'कृणाल रामचंद्र कोळी' आणि त्याच ओळीवर, पुढे, 'राजाराम गुणाजी परब' असं लिहून टाकलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. तीन वर्षांत तिने हाताने काही लिहिलं नव्हतं.

"दुसरी ओळ रिकामी राहिली," अक्षता म्हणाली.

"राहू दे," दिशा म्हणाली. "आता करा सह्या. मला तीन बिल्डिंगांत मासे द्यायचेत."

राजारामने खिशातून चष्मा काढला आणि त्या ओळीवरून बोट फिरवत दोनदा वाचलं. मग सही केली. पेन कृणालकडे गेलं. त्याने सही केली, आणि पेन ठेवता ठेवता राजारामला विचारलं, "जेवलायस का?"

"नाही."

"चल मग," कृणाल म्हणाला. "आयेने सुरमई कापून ठेवलीये, घरी जाऊन तळायचीये फक्त."